पश्चिमेचं ऊन, एक बे, पंधरा पाती : फसाड सिस्टिम सोडवण्याची आणि मॉडेल करण्याची रीत

फसाडचं, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूचं, काम आर्किटेक्चरच्या स्टुडिओत बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतं. आधी एलिव्हेशनवर (समोरून दिसणाऱ्या ड्रॉइंगवर) नक्षी येते: केळीच्या पानाच्या शिरा, कपाशीचं बोंड, नाहीतर तापीचं वळण. मग ती नक्षी अ‍ॅल्युमिनियमची की टेराकोटाची हे ठरतं, आणि ती स्लॅबला कशी धरायची हा प्रश्न ज्युरीत (कामाच्या परीक्षणात) कुणीतरी विचारतं. इथे दिलेली रीत याच्या उलट आहे. आधी ऊन, मग सेक्शन (उभा छेद), मग जोड, आणि एलिव्हेशन सगळ्यात शेवटी. उदाहरणासाठी जळगाव-धुळे भागातली तीन-चार मजली इमारत घेतली आहे. पश्चिमेला वर्ग किंवा ऑफिस, कॉलममधलं अंतर ३.६ मीटर, मजल्याची उंची ३.३ मीटर. पूर्ण इमारतीचा विचार आत्ता नको. एकच बे, म्हणजे दोन कॉलममधला एका मजल्याचा तुकडा, शेवटपर्यंत सोडवा.

आधी उन्हाचा हिशेब

जळगाव आणि धुळे दोन्ही साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. २१ मार्चला मध्यान्हीची उंची ६९ अंश, २२ डिसेंबरला साधारण साडेपंचेचाळीस. दक्षिणेची बाजू म्हणूनच सोपी आहे: १५०० मिमी उंच खिडकीला ५७५ मिमीचा छज्जा दिला की मार्चच्या मध्यान्हीचं ऊन अडतं. २१ मार्चला दक्षिण भिंतीवरचा हा उभा छायाकोन (भिंतीला काटकोनातल्या छेदात दिसणारी उन्हाची उंची) दिवसभर ६९ अंशच राहतो, म्हणजे तेवढाच छज्जा सकाळ-संध्याकाळही पुरतो, फक्त तो खिडकीच्या दोन्ही बाजूंना पुरेसा पुढे न्यायचा. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच सावली हवी असेल तर छज्जा ९४० मिमीच्या आसपास जातो. दक्षिणेवर याहून जास्त डोकं घालू नका.

खरी परीक्षा पश्चिमेची. घड्याळाची वेळ आणि सौर वेळ (सूर्य सगळ्यात वर तेव्हा बारा) एक नसते हे आधी लक्षात घ्या. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते आणि जळगाव आहे साडेपंचाहत्तरच्या आसपास, म्हणजे सौर वेळ घड्याळाच्या सुमारे २८ मिनिटं मागे. धुळ्यात ३१. (मेमध्ये तीन-चार मिनिटं इकडे-तिकडे होतात, स्टुडिओपुरती ती सोडून द्या.) खालचे आकडे २० मेचे आणि सौर वेळेचे आहेत:

३ वाजता सूर्याची उंची ४८ अंश, दिशा पश्चिमेच्या ७ अंश उत्तरेला.
४ वाजता उंची ३४, दिशा १०.५ अंश उत्तरेला.
५ वाजता उंची साडेवीस, दिशा १४ अंश उत्तरेला.

"पश्चिमेला उभी पाती" (ऊन अडवायला खिडकीबाहेर लावलेल्या उभ्या फळ्या, म्हणजे फिन) हा नियम सगळ्यांना पाठ असतो. भिंतीला काटकोनात उभं केलेलं पातं बाजूने येणारं ऊन अडवतं. मेच्या दुपारी मात्र ऊन जवळजवळ भिंतीच्या नाकासमोरून येतं. ३०० मिमी खोल सरळ पात्याची सावली चार वाजता फक्त ५५ मिमी पडते. २४० मिमी अंतरावर अशी पाती लावली तर पाऊण खिडकी उन्हातच राहते, आणि रेंडरमध्ये सगळं छान दिसत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेच पातं ४५ अंशात नैऋत्येकडे वळवा. आता टोक भिंतीपासून २१२ मिमी बाहेर आणि २१२ मिमी दक्षिणेला सरकतं. चार वाजताची सावली २५० मिमी होते आणि २४० मिमीचं अंतर पूर्ण झाकलं जातं. तीनला थोडी कमी, २३८. पात्याच्या जाडीत तेवढं निघून जातं. डिसेंबरमध्ये चार वाजता सूर्य पश्चिमेच्या ३४ अंश दक्षिणेला असतो, तेव्हा सावली ७० मिमीवर येते आणि थंडीतलं ऊन आत शिरतं.

फुकट काहीच नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य चारला २० अंश दक्षिणेला असतो आणि सावली १३५ मिमीच उरते, म्हणजे ऑक्टोबर हीटमध्ये शंभर मिमीचा पट्टा आत येतो. तो नको असेल तर अंतर कमी करा आणि वजन-खर्च वाढल्याचं मान्य करा. दुसरी किंमत दृश्याची. ४५ अंशात वळलेल्या ३०० मिमी पात्यांतून समोर सरळ काहीच दिसत नाही, फक्त नैऋत्येकडे दिसतं. पश्चिमेला नदी किंवा मैदान असेल आणि तेच दाखवायचं असेल तर हा पर्याय बाद. मग आडव्या पट्ट्या घ्या. चार वाजताचं ऊन अडवायला १५० मिमी खोल पट्टीला १०० मिमी फट चालते. पाचपर्यंत अडवायचं तर फट ५५ मिमी होते, आणि आतून ती खिडकी शटर ओढल्यासारखी दिसते. यातला कुठला पर्याय घेतला आणि काय सोडलं हे एका ओळीत शीटवर लिहा. ज्युरीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

अहमदाबादची मिल ओनर्स असोसिएशनची इमारत (१९५४) या हिशेबासाठी जरूर अभ्यासा. तिचा आर्किटेक्ट ला कार्बुझिए याने तिथे रस्त्याकडच्या पश्चिम बाजूची पाती तिरपी ठेवली आणि नदीकडच्या पूर्वेची सरळ. सुरत-भुसावळ लाइनवरच्या विद्यार्थ्याला ती प्रत्यक्ष बघणं अवघड नाही.

एक चूक नेहमीची: पात्यांची मालिका खिडकीच्या कडेला नेमकी संपवणं. मेमध्ये सावली दक्षिणेकडे सरकते, म्हणून खिडकीच्या उत्तर कडेच्या पलीकडे अजून एक पातं लागतं. नाहीतर प्रत्येक खिडकीच्या उत्तर बाजूला उन्हाची उभी पट्टी राहते.

वजन, वारा, आणि कशाला काय धरायचं

मटेरियल निवडण्याआधी एका बेचं वजन काढा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

३०० बाय ५० मिमीचा, २ मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ बॉक्स: परिमिती ७०० मिमी, धातूचं क्षेत्रफळ साधारण १४०० चौरस मिमी, घनता २७००. म्हणजे मीटरला ३.८ किलो. ३.६ मीटरमध्ये २४० मिमीवर १५ पाती, प्रत्येकी ३.३ मीटर. एकूण सुमारे १९० किलो, वर फ्रेम वेगळी.

त्याच जागी ७५ मिमी जाडीची टेराकोटाची जाळी, ४० टक्के मोकळी: चौरस मीटरला ८५ किलोच्या घरात. बे जवळपास १२ चौरस मीटरचा. म्हणजे एक टन. एवढं वजन ब्रॅकेटवर टांगायचं नसतं. जाळी दर मजल्याला स्लॅबच्या पुढे आलेल्या भागावर किंवा सलग लोखंडी अँगलवर बसते आणि मध्ये उभ्या-आडव्या सळया लागतात. सेक्शनमध्ये तो टेकू दाखवला नसेल तर जाळी हवेत आहे.

सातपुड्याचा बांबू वापरायचा असेल तर अवश्य वापरा, धडगाव-अक्कलकुव्याकडे तो मिळतो. पण बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया आणि पावसापासून वर छज्जा हे दोन्ही सेक्शनमध्ये लिहिलेलं असू द्या. नाहीतर भुंगा लागतो. केळीच्या धाग्याचं पॅनल मात्र आतल्या पार्टिशनला ठेवा. पश्चिमेच्या पावसात ते टिकवायला जेवढं रेझिन लागेल, त्यात केळी नावापुरतीच उरते.

वाऱ्यासाठी आयएस ८७५ चा भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) उघडा. दाब चौरस मीटरला न्यूटनमध्ये हवा असेल तर ०.६ गुणिले वेगाचा (मीटर प्रति सेकंद) वर्ग. स्टुडिओपुरतं चौरस मीटरला १ किलोन्यूटन, म्हणजे शंभर किलो, धरलं तरी चालतं. मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात ते सगळ्यांनी बघितलेलं आहे. तोच वारा पात्यांवरही येतो, आणि ओढूनही घेतो. म्हणून वर ठेवलेलं किंवा नुसतं अडकवलेलं काही चालत नाही.

आता जोड. पूर्ण कामाचा जीव इथे आहे, म्हणून याला वेळ द्या.

पातं वरच्या टोकाला टांगलेलं आणि खालच्या टोकाला सरकतं हवं. अ‍ॅल्युमिनियमचं प्रसरण अंशाला मीटरमागे ०.०२३ मिमी. खान्देशात जानेवारीची पहाट आणि मेच्या दुपारी तापलेला गडद धातू यात ६० अंशांचा फरक सहज धरावा. ३.३ मीटरच्या पात्यात तो साडेचार मिमी होतो. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर पातं धनुष्यासारखं वाकतं किंवा बोल्टचं भोक फाटतं, आणि रात्री थंड होताना कडकड आवाज येतो. म्हणून वर गोल भोक, खाली १२ मिमीचं उभं लांबट भोक. खालचा बोल्ट वारा अडवतो, वजन घेत नाही.

ब्रॅकेट तीन दिशांना हलवता आला पाहिजे. साइटवर स्लॅबची कड सरळ रेषेत नसते. २० ते २५ मिमी आत-बाहेर हे इथलं नेहमीचं आहे. स्लॅबला लागणाऱ्या अँगलमध्ये भिंतीला समांतर लांबट भोक, पुढच्या प्लेटमध्ये आत-बाहेर जाणारं लांबट भोक, आणि उंचीसाठी शिम (पातळ पत्र्याचे तुकडे). ड्रॉइंगमध्ये स्लॅब आणि ब्रॅकेट यांच्यात शून्य फट दाखवली असेल तर फॅब्रिकेटर ते ड्रॉइंग बाजूला ठेवतो. अँकर बोल्ट एम-१० किंवा एम-१२, काँक्रीटच्या कडेपासून सुमारे १०० मिमी आत. १५० मिमी स्लॅबच्या बाजूच्या कडेत अँकर मारायचा मोह टाळा, कड फुटते. खाली बीम असेल तर बीमचा चेहरा धरा.

अ‍ॅल्युमिनियम आणि माइल्ड स्टील थेट भिडवू नका. मध्ये नायलॉन किंवा ईपीडीएमचा (एक प्रकारचं रबर) वॉशर, बोल्ट स्टेनलेस. पावसाळ्यात दोन धातूंच्या मध्ये पाणी थांबलं की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं.

सेक्शनमध्ये राहून जाणाऱ्या गोष्टी

कूलर. मार्च उजाडला की खान्देशात खिडकीला कूलर लागतो. त्याला बाहेरची हवा हवी, पाणी भरायला हात पोचायला हवा, आणि गळणारं पाणी जायला वाट. प्रत्येक वर्गामागे किमान ७५० मिमी रुंद, १००० मिमी उंच जागा आणि खाली जाळीदार फळी ठेवा. एसी असेल तर बाहेरच्या युनिटला साधारण ९०० बाय ३५०, उंची ६००, आणि पुढे हवा मोकळी. ही जागा तुम्ही दिली नाही तर पहिल्याच उन्हाळ्यात कुणीतरी ग्राइंडरने तुमची पाती कापेल.

पाती आणि काच यातलं अंतर दोनच प्रकारचं ठेवा. एक तर माणूस शिरून काच पुसू शकेल असं, ६०० मिमी आणि चालायला ग्रेटिंग. नाहीतर १५० मिमीपर्यंत, आणि खिडकी सरकती. ३०० मिमीच्या पोकळीत हात पोचत नाही, माणूस जात नाही आणि पारवे मात्र नांदतात. बाहेर उघडणारी खिडकी काढताना पल्ल्याचा कंस प्लॅनमध्ये काढून बघा. निम्म्या शीटवर तो पात्यावर आदळतो. मोठी पोकळी असेल तर वर-खाली ५० मिमी छिद्रांची पक्ष्यांची जाळी दाखवा.

धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ फिरत्या पात्यांच्या बिजागऱ्यांत आणि मोटारीत बसते. मोटारीवर फिरणारा फसाड आकर्षक वाटतो, पण दुसऱ्या वर्षी तो एकाच कोनात थांबलेला असतो. पाती स्थिर ठेवा. फिरवायचीच असतील तर हाताने, हंगामातून दोनदा. धुवायला बोअरचं जड पाणी वापरलं की गडद रंगावर पांढरे डाग राहतात. या भागात फिकट रंग घ्या, ते तापतातही कमी.

पाऊस पश्चिमेकडून येतो. आडव्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार, छज्ज्याच्या खाली कडेपासून २५ मिमीवर १२ मिमीची ड्रिपची खाच, ब्रॅकेटच्या प्लेटला पाणी साचू नये म्हणून भोक. विटेच्या किंवा टेराकोटाच्या जाळीत पाणी थांबलं की लोणा येतोच.

संगणकावरचं मॉडेल

स्केचअप (थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर) नवं उघडल्यावर त्याचं ठिकाण अमेरिकेतलं बोल्डर असतं. ते बदलल्याशिवाय काढलेली सावली निरर्थक आहे. ठिकाण, टाइम झोन ५:३० आणि उत्तर दिशा या तीन गोष्टी आधी लावा, मग २० मे, घड्याळात साडेचारच्या जरा आधी, आणि वरच्या आकड्यांशी ताळा घ्या. भिंतीवरच्या एका पात्याची सावली २५० मिमीच्या आसपास येत नसेल तर मॉडेल चुकलं आहे, सूर्य नाही.

एक पातं कंपोनंट करा, ग्रुप नको. त्यावरून एक बे कंपोनंट, मग बेची पुनरावृत्ती. पुढे कोन बदलला तर एकाच ठिकाणी बदलावा लागतो आणि फाइल जड होत नाही. बोल्ट, नट, आटे फक्त एकाच बेमध्ये. बाकी सगळीकडे साधे बॉक्स. ग्रासहॉपर (ऱ्हायनोमधलं, आकडे बदलून आकार बदलणारं साधन) येत असेल तर तीनच स्लायडर ठेवा: खोली, अंतर, कोन. दहा स्लायडर लावले की गंमत वाढते, निर्णय होत नाही. लेडीबगला (ग्रासहॉपरमध्ये ऊन तपासणारं प्लगइन) हवामानाची फाइल द्या आणि मार्च ते जून, दुपारी २ ते ६ एवढंच तपासा. वर्षभराची सरासरी काढली तर थंडीतलं हवंहवंसं ऊन मेच्या उन्हात मिसळतं आणि आकडा काहीच सांगत नाही.

हाताने केलेलं मॉडेल

१:१० चं एका बेचं, दीड मजल्याचं तुकडा-मॉडेल करा. पूर्ण इमारतीचं १:१०० नंतर. या मापाला साहित्य नेमकं जुळतं: ५ मिमी सनबोर्ड (मॉडेलसाठीचा हलका फोम बोर्ड) म्हणजे ५० मिमी जाडीचं पातं, ३० मिमी रुंद आणि ३३० मिमी लांब पट्ट्या कापल्या की झालं. स्लॅबला सनबोर्डचे तीन थर, १५ मिमी. कॉलम ३० मिमी. ब्रॅकेटला जाड आयव्हरी कार्ड, बोल्टला टाचणीचं डोकं. पात्यांच्या जागा २४ मिमीवर आखा. कोनासाठी कागदावर ४५ अंशाच्या १५ रेघांचं टेम्प्लेट छापून तळाला चिकटवा, डोळ्याने कोन धरू नका. दोन अंशांची चूक एका पात्यात दिसत नाही, पंधरांच्या रांगेत लगेच दिसते.

सनबोर्ड लेझरवर न्यायचा नाही. तो पीव्हीसीचा असतो आणि जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो, मशीनही गंजतं. तो कटरने, तीन हलक्या हातांत कापा. लेझरला एमडीएफ, माउंटबोर्ड, अ‍ॅक्रिलिक. खाचा कापण्याआधी बोर्डची जाडी व्हर्नियरने मोजा. दुकानात २ मिमी म्हणून मिळालेलं एमडीएफ १.८ ही असतं आणि २.२ ही. लेझर स्वतः ०.१ ते ०.२ मिमी खातो. १.८ ते २.२ अशा पाच खाचांचा एक तुकडा आधी कापून कुठली घट्ट बसते ते बघा, मग पूर्ण शीट द्या. फाइल देण्याआधी ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल किंवा ऱ्हायनोमध्ये सेलडप ही दुहेरी रेषा शोधणारी कमांड चालवा. एकावर एक दोन रेषा असल्या की लेझर दोनदा फिरतो आणि कड काळी पडते.

अ‍ॅक्रिलिकच्या काचेला फेविक्विक लावू नका, पांढरी वाफ धरते. क्लोरोफॉर्म बारीक ब्रशने, खिडकी उघडी ठेवून.

आता मॉडेल खरोखर उन्हात तपासा. मोबाइलच्या टॉर्चची किरणं फाकतात, तीन-चार मीटर लांबून धरला तरच काही अर्थ. गच्चीवरचं ऊन सगळ्यात चांगलं, आणि त्यासाठी मे महिन्याची वाट बघावी लागत नाही. मॉडेलच्या तळावर ५० मिमी उंचीची खिळी काटकोनात ठोका. खिळीपासून पूर्वेकडे, १०.५ अंश दक्षिणेला झुकवून, ७४ मिमीवर एक ठिपका द्या. पूर्व म्हणजे मॉडेलची पूर्व, प्रत्यक्षातली नव्हे. मॉडेल हातात धरून फिरवत, कलवत खिळीच्या सावलीचं टोक त्या ठिपक्यावर आणा. आता तुमच्या पात्यांवर पडलेलं ऊन २० मे, चार वाजताचं आहे. पाचसाठी ठिपका १३४ मिमीवर, १४ अंश दक्षिणेला. तीनसाठी ४५ मिमीवर, ७ अंश दक्षिणेला. डिसेंबरच्या चारसाठी १६८ मिमीवर, ३४ अंश उत्तरेला. चारही स्थितींचे फोटो एकाच जागेवरून, खोलीच्या आतून बाहेर बघणारे काढा. बाहेरून काढलेल्या फोटोत सावली छान दिसते, पण आत ऊन शिरलं का ते कळत नाही.

शीटवर एवढं पुरे: उन्हाचे चार फोटो, १:२० चा सलग सेक्शन पायथ्यापासून पॅरापेटपर्यंत, वरच्या आणि खालच्या जोडाचे १:५ चे दोन डिटेल, वजनाचा हिशेब, आणि शेवटी एलिव्हेशन. १:५ मध्ये प्रत्येक भागाला नाव, जाडी आणि फिनिश लिहा. "मेटल फिन" एवढंच लिहिलेलं डिटेल कुणाच्याच कामाचं नाही.

मॉडेल कॉलेजात नेताना बंद गाडीत मागच्या काचेखाली ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये तिथे सनबोर्ड वाकतो आणि चिकटवलेले जोड सुटतात. एसटीने जाणार असाल तर पाती सुटी न्या, नंबर टाकून, आणि ती बसवायला ज्युरीच्या आधी अर्धा तास राखून ठेवा.